धाराशिव, अकोले, जव्हार : एकात्मिक शेती नेमकी कोणाला कळते हे बघत केलेली भटकंती

जानेवारीत मी आणि मामाने ही फेरी केली. मामाची फलटणकडे ऊसशेती आहे आणि नुसत्या उसावर आता भागत नाही, जोडीला जनावरं, कोंबड्या, फळझाडं असं एकमेकांत गुंतलेलं काहीतरी उभं करायचं हे त्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळतंय. सरकारी भाषेत याला एकात्मिक शेती पद्धती म्हणतात. एका ठिकाणी जे वाया जातं ते दुसरीकडे खाद्य किंवा खत म्हणून लागलं पाहिजे, म्हणजे शेण खताला, खत रानाला, रानातला कडबा परत गोठ्यात, एवढाच त्याचा अर्थ. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे देशातली सरासरी जमीन धारणा 1.08 हेक्टर आहे आणि शंभरातले 86 खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत, त्यामुळे हा विषय काही मोजक्या हौशी लोकांचा नाहीये. आम्हाला मॉडेल फार्म बघायचे नव्हते, साधी घरं बघायची होती. आणि हे ज्ञान कोणाकडे असतं, कशामुळे येतं, कशामुळे येत नाही ते विचारायचं होतं.

शनिवार : पुणे ते धाराशिव

टेंभुर्णीवरून कुर्डुवाडी, बार्शी करत संध्याकाळी पोचलो. बार्शीच्या पुढे दोन्ही बाजूंना शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी उभी, कणसं नुकती भरायला लागलेली. ओळखीच्या एकांच्या रानात हुरडा होता. आगटीत गोवऱ्या रचलेल्या, त्यात कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. थंडी चांगलीच होती, आगटीच्या जवळून कोणी हलायला तयार नाही. तिथल्या एका काकांनी सांगितलं की ज्वारीला भाव नसतो तरी आम्ही पेरतो ते कडब्यासाठी, कडबा नसेल तर म्हैस नाही, म्हैस नसेल तर दही पण नाही आणि ही गोवरी पण नाही. मामाने लगेच विचारलं मग सोयाबीनवाले काय करतात. काका म्हणाले, "ते वैरण इकत घेत्यात, न्हाईतर जनावर इकत्यात."

धाराशिवला राहण्यासाठी साधे लॉज भरपूर आहेत, पण जानेवारीत पांघरूण आपलं घेऊन जा. हुरडा डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मिळतो, त्याआधी गेलात तर न भरलेली कणसं बघून परत याल.

रविवार : कळंब तालुक्यातलं एक घर

आख्ख्या प्रवासात मला सगळ्यात जास्त इथे मिळालं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर तीन एकरवाल्यांचं. मामा ओसरीवर काकांशी बोलायला बसला आणि मी मावशींच्या मागे गोठ्यात गेले. रात्री आम्ही दोघांनी आपापलं ऐकलेलं समोरासमोर ठेवलं तेव्हा कळलं की आम्ही जणू दोन वेगळ्या घरी जाऊन आलोय. काकांनी सांगितलं होतं, "तीन एकर हाय, सोयाबीन, त्यात तुरीचे पट्टे, रब्बीला ज्वारी-हरभरा, एक म्हैस, चार-पाच शेरडं, बाकी काय न्हाई." सगळं खरंच होतं. पण मावशींनी मला तासाभरात जे दाखवलं त्यातलं बरंचसं त्या यादीत कुठेच नव्हतं.

तीनपैकी एक एकर मावशी बघतात. त्यात ज्वारी, हरभरा, जवस, कांदा, वांगी, गवार, मेथी, शेपू, पालक, बांधाला शेवगा आणि हादगा, एका कडेला सुबाभूळ शेळ्यांसाठी. गोठ्याच्या मागे गांडूळखताचे दोन बेड, शेडनेटखाली अझोलाचा (पाण्यावर तरंगत वाढणारा हिरवा चारा) वाफा, आणि दहा-बारा गावरान कोंबड्या मोकळ्या. हे असं वेगवेगळं बऱ्याच ठिकाणी दिसतं, मला नवल वाटलं ते त्यांच्यातल्या जोडण्या त्यांना किती बारीक माहिती आहेत याचं. ताजं शेण बेडवर कधीच टाकायचं नाही, ते आतून तापतं आणि गांडूळं मरतात, दहा-पंधरा दिवस सावलीत पडू द्यायचं, मधूनमधून पाणी मारायचं. कोंबड्यांची विष्ठा मेथीला थेट घातली की मेथी करपते, ती उकिरड्यात मुरू द्यायची. उकिरड्यावर कोंबड्या सोडायच्या, त्या हुमणी टिपतात, पण बेडवर जाळी टाकायची नाहीतर गांडूळंच टिपतील. अझोला म्हशीला घालायच्या आधी दोन-तीन पाण्यातून धुवायचा, शेणाचा वास राहिला तर म्हैस तोंड फिरवते.

मग त्यांनी बेडमध्ये हात घातला, मूठभर खत घेतलं आणि माझ्यासमोर दाबलं. "पाणी गळलं का बोटातनं? न्हाई ना. आता मूठ उघडते, बघ, ढेप तशीच हाय. आता बोट लाव." मी बोट लावलं तर ढेप भुसभुशीत फुटली. म्हणाल्या पाणी गळलं असतं तर जास्त झालं, मूठ उघडताच विस्कटलं असतं तर कमी झालं. ओलावा मोजायचं यंत्र काय वेगळं सांगणार. त्यांच्या नखांच्या कडांना ते खत बसलेलं होतं आणि हाताला मातीचा, पहिल्या पावसानंतर येतो ना, तसा वास होता.

कुठे शिकलात विचारलं तर एक उत्तर नाही आलं. काही आईकडून, काही सासूकडून. बचत गटातून एकदा लातूरकडच्या गावात नेलं होतं, तिथे एका बाईंचा अझोला बघितला आणि घरी येऊन तसाच केला. या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर बायकांचे गट उभे राहिले, स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्था तेव्हापासून इथे काम करतायत आणि बाईने घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःच्या निर्णयाने, खाण्याच्या पिकांसाठी करायचा हा एक एकराचा प्रयोग त्यातूनच पुढे आला. पण मावशी म्हणाल्या सगळ्यात जास्त दुष्काळाने शिकवलं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली होती, तेव्हा यांच्याकडे दोन म्हशी होत्या, एक छावणीत ठेवून जगवली आणि एक मिळेल त्या भावाला दिली. शेळ्या मात्र बाभळीच्या शेंगांवर आणि बांधाच्या पाल्यावर निघाल्या. तेव्हापासून बांधाला पाल्याची झाडं, आणि कडब्याची गंजी पुढच्या ज्वारीपर्यंत पुरेल एवढी लावल्याशिवाय कडबा विकायचा नाही हा त्यांचा नियम. काकांनी एकदा विकायला काढला होता, "म्या अडवला".

मग मी प्रशिक्षणाचं विचारलं. गावात झालं होतं की. यादीत नाव काकांचं होतं, कारण सातबारा काकांचा. काका बसून आले, पत्रक घेऊन आले. मावशींनी ते जपून फळीवर ठेवलंय, पण त्यात जे होतं ते गोठ्यात राबणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत गेलंच नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं. देशात शेती कसणारी म्हणून नोंद असलेल्या खात्यांमध्ये बायकांची खाती 14 टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि इथे तर शेण, वैरण, कोंबडी, बियाणं, भाजी, म्हणजे जिथे जिथे एक गोष्ट दुसरीला जोडली जाते, त्या प्रत्येक ठिकाणी बाईचा हात आहे. शेतकरी संघटनेने बायकांच्या नावावर जमीन करण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, सरकारनेही पुढे त्या नावाची योजना आणली, त्यामागचं कारण मला त्या गोठ्यात उभं राहून जेवढं पटलं तेवढं वाचून कधी पटलं नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या पानांची भाजी, हादग्याच्या फुलांचं पिठलं. सगळं त्या एका एकरातलं.

सोमवार : शेततळं आणि लांबचा रस्ता

सकाळी त्याच भागात एका आजोबांचं शेततळं बघितलं, प्लास्टिकचं अस्तर असलेलं. आजोबांनी त्यात कटला, रोहू, मृगळ सोडलेत. तीनच का, तर कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, एकाचं दुसऱ्याशी भांडण नाही. हे त्यांना मत्स्यबीज विकणाऱ्या माणसाने सांगितलं, दुसऱ्या कोणी नाही. पाण्यात शेणकाला किती घालायचा हे ते हाताने ठरवतात. तळहात पसरून हात सरळ खाली बुडवायचा. कोपर पाण्याला टेकायच्या आतच तळहात दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवं झालंय, शेण बंद. कोपर बुडलं तरी तळहात स्वच्छ दिसतोय म्हणजे माशांना खायला काही नाही, शेण घाला. आभाळ आलेलं असेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू कमी झालाय, त्या दिवशी शेणाला हात लावायचा नाही.

मामाने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, सुटतात किती. आजोबा म्हणाले मासा वरकड आहे, हे पाणी कांद्याला जातं आणि ते नुसतं पाणी नसतं. त्यांचं तळं एप्रिलमध्ये तळाला जातं म्हणून ते जिरे (माशांची अगदी बारीक पिल्लं) न सोडता थेट बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) आणतात, महाग पडते पण मार्चपर्यंत मासा हाताला येतो. शेजारच्या गावात बारमाही विहीर असलेला शेतकरी जिरे सोडतो आणि त्यालाही ते बरोबर पडतं. म्हणजे पाणी किती महिने टिकतं यावर माणसाला काय कळलेलं असतं ते ठरतं. पत्रक मात्र दोघांना एकच मिळतं.

दुपारी निघून अहिल्यानगर, संगमनेरमार्गे अकोले गाठलं रात्री उशिरा. गाडीने जात असाल तर हा टप्पा दोन दिवसांत करा, आमची पाठ मोडून निघाली.

मंगळवार : अकोले

कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंची गावरान बियाण्यांची बीजबँक आहे. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्याबद्दल भरपूर लिहून आलेलं आहे त्यामुळे मी वेगळं लिहीत नाही, एवढंच की ज्या बाईंना शाळा मिळाली नाही त्यांच्याकडे आज शिकलेले लोक शिकायला येतात, आणि ते मातीच्या मडक्यातलं बियाणं बघताना मला भरून आलं. बियाणं राखेत ठेवायचं, कणगीला शेणमातीचा लेप द्यायचा, ही राख चुलीची आणि शेण गोठ्यातलं, म्हणजे इथे बियाणंसुद्धा जनावराशी जोडलेलं.

जवळच्याच एका गावात एका ताईंनी जेवायला बसवलं. काळभाताचा भात, घेवड्याची भाजी, नागलीची भाकरी, ठेचा. ताईंचा मुलगा कृषी पदविका करतोय. तो आईला म्हणत होता की तुझं घेवड्याचं बियाणं सुधारित वाणापेक्षा कमी देतं, आणि ताई म्हणत होत्या देतं कमी, पण वेल पाऊस थांबल्यावर पण हिरवा राहतो, तो शेळीला जातो, तुझा तो सुधारित महिन्यात वाळतो. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने वहीत लिहून घेतलं. मला तो मुलगा फार आवडला. पिकाचं उत्पन्न तो किलोत मोजत होता, आई शेळीच्या पोटापर्यंत मोजत होती, आणि दोघांनी एका पाटावर बसून बोलल्याशिवाय पूर्ण हिशोब लागत नाही.

भंडारदऱ्याच्या बाजूला जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर नाही तर जाडी शाल लागतेच. मोबाईलला रेंज मधेच जाते, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

बुधवार : राजूर, घोटी, जव्हार

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ते आम्हाला मिळालं नाही पण वाटेत एका गोठ्यात डांगी बैल बघितले. काळे-पांढरे, कातडीवर हात फिरवला तर हाताला तेलकट लागतं. त्यामुळे धो धो पावसात चिखलणी करताना पाणी अंगावर ठरत नाही. तिथले दादा म्हणाले की जर्सी गाईचं दूध जास्त, पण ती इथल्या पावसात आजारी पडते आणि खाचरात उतरत नाही, मग चिखलणीला ट्रॅक्टर आणायचा तर उतारावरच्या एवढ्याशा खाचरात तो वळणार कुठे. कर्जाच्या योजनेत गाय घेतली तर दुधाचा हिशोब विचारतात, चिखलणीचा कोणी विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं.

पुढे घोटी, वैतरणा, खोडाळा करत जव्हार. खोडाळ्याचा रस्ता वळणांचा आहे पण सुंदर आहे, अंधार पडायच्या आत पार करा.

गुरुवार : जव्हारची वाडी

बाएफ संस्थेच्या मणिभाई देसाईंनी 1982 च्या सुमारास गुजरातेत वांसद्याला वाडीचा कार्यक्रम सुरू केला, एकरभर उतारावर आंबा-काजूची कलमं, कडेने जंगली झाडं, मधल्या जागेत नागली, वरई, उडीद. तो पुढे जव्हार-मोखाड्यात आला आणि नाबार्डने तो देशभर नेला. आता कलमं मोठी झालेल्या वाड्या इथे ठिकठिकाणी दिसतात, सावलीत हळद, कडेला मोगरा. मोगऱ्याच्या कळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, त्या पहाटे तोडून दादरच्या फुलबाजारात जातात.

आम्ही एका वारली आजींच्या घरी होतो. अंगणात ऐनाच्या फांद्यांचा ढीग, राबासाठी. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, त्यावर टहाळ, पालापाचोळा, वरून बारीक माती असे थर देऊन उन्हाळ्यात भाजतात, तण मरतं, राखेने रोप जोमदार येतं, लावणीला सहज उपटतं. राबासाठी झाडं तोडली जातात म्हणून भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरायला सांगतात. आजी दोन्ही करतात. अर्ध्या जागेवर राब, अर्ध्यावर तुसाची राख. का, तर "शेळ्या वाढल्या, शेण कमी झालं, राबाला पुरत नाही". बांधावर गिरिपुष्प लावलंय, पाला चिखलात तुडवतात, आणि एक दिवस सुकवून शेळीलाही घालतात, ताजा ती खात नाही. नव्यातलं किती घ्यायचं ते त्यांनी शेणाच्या हिशोबाने ठरवलं, मला वाटतं कुठल्याही तज्ज्ञाने यापेक्षा चांगलं ठरवलं नसतं.

पण शेजारच्याच पाड्यात चित्र वेगळं. दिवाळीनंतर निम्मी घरं बंद, माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. जाताना शेळ्या विकतात, कोंबड्या शेजाऱ्याकडे. पावसात परत येतात आणि फक्त भात-नागली होते. तिथल्या एका तरुण बाईला मी विचारलं वाडी का नाही केली, तर ती म्हणाली कलम लावून पाणी कोण घालणार उन्हाळाभर, आणि जागेचा दावा मंजूर नाही अजून. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळतो, पण जोवर हातात कागद नाही तोवर चार-पाच वर्षांनी फळणारं झाड कोणी कसं लावावं. तिला सगळं माहिती होतं, आळं कसं करायचं, कलम कधी बांधायचं, ती दुसऱ्याच्या वाडीत मजुरीने तेच काम करते. अशा बाईला सर्वेक्षणात कोणी ‘माहिती नाही’च्या रकान्यात टाकलं तर तो तिच्यावर अन्याय आहे, असं मला कळकळीने वाटतं. जनावर बारा महिने दावणीला असेल, पाणी असेल, जमीन आपली असेल तरच हे ज्ञान वापरात राहतं आणि पुढच्या पोराला मिळतं. तिच्या मुलाने गोठाच बघितलेला नाही, तो भट्टीवर वाढतोय.

शुक्रवार : परत

विक्रमगड, मनोरवरून हायवेला लागलो. गाडीत मामा बराच वेळ शांत होता, मग त्याने मामीला फोन करून विचारलं की आपल्या गोठ्यातलं शेण नेमकं कुठे कुठे जातं. मामी पंधरा मिनिटं बोलत होत्या, फोन स्पीकरवर होता. परसातल्या भाजीला किती, शेजारणीला गोवऱ्यांसाठी किती, पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो म्हणून किती वाहून जातं, सगळं.

कोणाला असं फिरायचं असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन करा, ते गावं सुचवतात, पण गावात गेल्यावर आदर्श शेतकऱ्याच्या पलीकडे आणखी दोन घरं बघा, त्यातलं एक तरी भूमिहीन किंवा स्थलांतर करणारं असू द्या. सकाळी सहा ते नऊमध्ये पोचा, धारा, शेण, वैरण, कोंबड्या सोडणं सगळं तेव्हाच चालतं, दुपारी गेलात तर फक्त ओसरीवरच्या गप्पा मिळतील. बरोबर एक बाई असू द्या. मोकळ्या हाताने जाऊ नका, आपल्या भागातलं बियाणं न्या, त्याचं फार अप्रूप असतं, आणि काम चालू असेल तर हात लावा.

मामी पुढच्या महिन्यात कळंबला जाणारेत, बचत गटातल्या दोघींना घेऊन, एसटीने. मावशींना मी फोन केलाय, त्या म्हणाल्या दोन दिवस तरी ऱ्हावा म्हणावं.